नऊ दहाची फेरी

बस चर्चच्या मागे चार वर्षं उभी होती,
टायर गवतात रुतलेले,
बाजूवरचं नाव उन्हानं खाल्लेलं,
'ग्रेस' एवढंच उरलं होतं, बाकी नुसता पत्रा.
आरशामागे गांधीलमाश्यांनी घर बांधलं होतं,
आता तेही रिकामं.

समितीत ड्वेन म्हणाला, विकून टाका.
विमा परवडत नाही, आणि हल्ली
लायमा गावात गाडी कोणाकडे नाही?
मी हात वर केला. का, ते देव जाणे.
बैठक लांबली होती, कॉफी संपली होती.
"मी चालवीन," म्हणालो,
अठ्ठावन्नाव्या वर्षी, चष्मा पुसत.
जालन्याच्या मिशन कंपाउंडात पंचविशीपर्यंत
सायकलशिवाय काही हाकलं नव्हतं मी.

परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालो.
गाडी मागे घेताना खांब दिसेना.
तिसऱ्यांदा परीक्षक बाई म्हणाली,
"मिस्टर रणनवरे, मान वळवू नका, आरशावर विश्वास ठेवा."
पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी
त्यावर अख्खा उपदेश केला.
मला विचारलं नाही.

सीटखाली लॉयल टकरची वही सापडली.
बावीस वर्षं बस त्याची. आता तो टेकडीवरच्या दफनभूमीत.
पेन्सिलीचं बारीक अक्षर:
'नऊ दहा. मिसेस स्टकी. आधी काठी घ्यावी, मग हात.'
'नऊ अठरा. ट्रेलर पार्क, तीन पोरं.
हॉर्न वाजवू नये, बाप रात्रपाळीचा.'
'नऊ पंचवीस. ऑर्विल. बोलत नाही. मागे लागू नये.'
अशी चौदा माणसं.
लहानपणी स्तोत्रं पाठ करायचो दारातल्या पायरीवर,
तशी वाचली ही वही, ओठ हलवत.

पहिला रविवार. नोव्हेंबर. काचेवर हिमकण.
सहा थांब्यांवर कोणी नाही.
एका घराला फळ्या ठोकलेल्या,
एका दारात अनोळखी बाई,
कुत्र्याला आवरत म्हणाली, "ते वारले हो."
ऑर्विलच्या खिडकीत दुसऱ्याच कोणाचा टीव्ही.

मिसेस स्टकी मात्र ओसरीवर उभी,
निळी टोपी, हातमोजे, पर्स काखेत.
मी आधी काठी घेतली, मग हात.
तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
"तुला उशीर झाला," म्हणाली.
नऊ बारा झाले होते.
चार वर्षांबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही,
मीही नाही.

ट्रेलर पार्कात हॉर्न वाजवला नाही.
ती तीन पोरं आता मोठी, पांगलेली.
दुसराच एक आला, नऊ-दहा वर्षांचा, डेव्हॉन,
स्वेटर नाही, बुटांना नाड्या नाहीत.
"आत हीटर आहे?"
आहे.
"आणि डोनट?"
चर्चमध्ये. प्रार्थनेनंतर.
त्यानं जरा हिशोब केला आणि चढला.
मागून त्याची आई, घाईनं कोट चढवत.

उपासनेत मी झोपलो.
कबूल करतो. पहाटे चारला उठलो होतो.
डेव्हॉननं कोपरानं ढोसलं,
"मिस्टर, गाणं चालू आहे."

परतीला त्याची आई पुढे येऊन हळूच म्हणाली,
रविवारी शहराची बस नसते,
दूध संपलंय, दुकान तीन मैलांवर.
नियमावलीत कलम चार: फक्त उपासनेसाठी.
ड्वेननं ते स्वतः टाईप केलेलं.
मी आरशात पाहिलं.
मिसेस स्टकीनं पर्समधून कुपनं काढली.
"अंडी स्वस्त आहेत," म्हणाली. "मलाही हवीत."

दुपारी बस जागेवर लावली, मागे घेत,
खांब न लागता.
लॉयलची वही उघडली, त्याच्याच पेन्सिलीनं
त्याच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
माणसं तीन.
मैल एकोणीस.
थांबे दहा. एक वहीत नसलेला.
पुढच्या वेळी
पोराला नाड्या.